माघारी

भीती हा माझा रोजचा धंदा आहे. बारामतीत भिगवण रस्त्यावर, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचं क्लिनिक आहे. गोळ्या लिहून देण्याचं काम डॉक्टरांचं. माणसाशी बोलून, त्याला धीर देत देत भीतीच्या जवळ नेऊन आणण्याचं काम माझं. माझ्याकडे लिफ्टला भिणारे येतात, कुत्र्याला भिणारे येतात. एक निवृत्त हवालदार सुईला भितात. एमआयडीसीतला एक इंजिनीअर चारचौघांत स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की घामानं भिजतो.

सगळ्यांना मी पहिल्या दिवशी साधारण तेच सांगते. छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, घसा आवळतो, आता आपण मरणार असं वाटतं. मरत कुणी नाही. ती एक लाट असते. चढते आणि आपोआप उतरते. ती उतरेपर्यंत पळून गेलं नाही, तर पुढच्या वेळी ती थोडी बुटकी होऊन येते. एवढंच शास्त्र आहे. माझा त्यावर विश्वास आहे. जे सांगणार आहे, ते घडून गेल्यावरही आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत निमगाव केतकीहून जोतीराम नावाचे गृहस्थ आले. साठीच्या आतबाहेरचे, पांढरी टोपी, धुतलेला पण बिनइस्त्रीचा सदरा. एकटेच आले होते.

"पेशंट कुठे आहे?" मी विचारलं.

"त्येच तर हाय म्याडम. पेशंट घर सोडना."

पेशंट म्हणजे त्यांची बायको सारजा. वर्ष होऊन गेलं होतं. आठवड्याच्या बाजाराला म्हणून गेली आणि घामाघूम होऊन परत आली. दारातच बसली. श्वास लागला होता, हात गार पडले होते. तसंच जीपमध्ये घालून बारामतीला आणलं.

"हार्टचं समदं तपासलं. पट्टी काढली, ईको काढला. डॉक्टर म्हनले, हार्ट बैलासारखं हाय. पर तवापासनं उंबऱ्याच्या भायेर पाय टाकायचा म्हनलं की त्योच परकार. पुतणीचं लगीन झालं, गेली न्हाय. तिची आई बावड्याला हातरुनाला खिळलीया, तितं न्हाय."

मी मनात निदान करून टाकलं होतं. असे पेशंट पुष्कळ असतात. पहिला झटका जिथे आला ती जागा माणूस टाळतो, मग तिथे जाणारा रस्ता टाळतो, आणि टाळता टाळता जग घराएवढं होतं. जी येऊ शकत नाही तिच्याकडे आपणच जायला हवं, म्हणून मी जायचं कबूल केलं.

सणसरपर्यंत रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या. निमगावच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो, तिथे त्यांचं घर. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि मागे पानमळा. घरात शिरलं की मागच्या दारातून मळ्याचा गारवा अंगावर यायचा, ओल्या मातीचा आणि कच्च्या विड्याच्या पानांचा वास यायचा. पुढे ऊन आणि मागे ती हिरवी सावली, अशा मधल्या जागेत सारजाबाई बसलेली होती. पन्नाशीची, काटक, कपाळ मोठं. पानं उलटीसुलटी बघून एकावर एक लावत होती. जवळ तिची सून श्रेया, मांडीवर तान्हं बाळ. मुलगा समर्थ बारामतीला कंपनीत कामाला, त्यामुळे दिवसा घरी नसायचा.

मी नेहमीचं सगळं समजावलं. सारजाबाईनं पानं लावता लावता ऐकून घेतलं. मध्ये एकदा विचारलं, "म्हंजे भ्या खरं, पर वाघ खोटा?"

"अगदी बरोबर, मावशी."

तिनं एक डागी पान वेगळं काढलं. मग म्हणाली, "तुमी म्हंता ते पटतं. पर मला भायेर जायचं भ्या न्हाय, बाई."

"मग कसलं?"

"माघारी याचं."

"घरी मागं काही वाईट होईल असं वाटतं?"

तिनं हातातलं पान उजेडाकडे धरून बघितलं. "वाईट न्हाय," ती म्हणाली. "तुमी न्या तर खरं. मला आईला बघायचंय."

आम्ही उंबऱ्यापासून सुरुवात केली. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती आवळलेली होती आणि तिची नाडी मला माझ्याच हातात उडताना जाणवत होती. मग अंगण, मग अंगणातला लिंब, मग कच्च्या रस्त्याचं वळण. दर वेळी लाट यायची. ओठ पांढरे पडायचे. मी म्हणायचे, "काय काय दिसतंय ते सांगा." ती दात आवळून सांगायची, "बाभूळ. दुधाची गाडी. शेळी बांधलीया. पोरगं सायकल शिकतंय." हळूहळू श्वास खाली यायचा. तिच्यासारखी जिद्दीची पेशंट मी फार बघितलेली नाही.

पक्क्या रस्त्यापर्यंत पोचलो त्या दिवशी ती मोठ्यानं हसली. आम्ही परत आलो, तर श्रेया पडवीत उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं, मग मागे स्वयंपाकघराकडे.

"आत्या, तुम्ही मागच्या दारानं गेलात का?"

"न्हाय. फुडनंच गेलो की बाईंसंगट. कवाच."

"आत्ता तर इथं मेथी निवडत होतात."

स्वयंपाकघरात परातीत मेथी होती. पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला. पाट ठेवलेला होता. श्रेया स्वतःशीच हसली. "बाळाला पाजत होते. माझंच लक्ष नसेल."

मीही तेच म्हणाले. तान्ह्या बाळाच्या आईची झोप पुरी होत नाही, कालचं आज वाटतं. सारजाबाई परातीकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. वाईट बातमी आधीच माहीत असलेल्या माणसासारखा तो चेहरा होता.

मला गाडीपर्यंत सोडायला ती आली. तेवढं अंतर आता तिला सहज जमत होतं. गाडीच्या टपावर हात ठेवून तिनं सांगितलं.

"बाजारात मला काय झालं न्हवतं, बाई. ते मी उगं सांगितलं. मी बाजार करून आले. दारात आले, तर मी आत बसल्याली. भाकरीचं पीठ मळीत."

"तुम्ही?"

"मीच. ह्येंनी तिला पानी मागितलं, तिनं दिलं. मग तिनं वर बघितलं. तवा माझी छाती धडधडाय लागली. मी दारात बसले, डोळं झाकलं. उघडलं तर कुनी न्हाय." तिनं मागे वळून घराकडे बघितलं. "म्हनून मी घर सोडत न्हवते. मी आत असले तर तिला जागा कुठं हाय?"

पॅनिकच्या भरात माणसाला आपण आपल्या शरीराबाहेर उभे आहोत असं वाटू शकतं, हे मी तिला समजावलं. मेंदू घाबरला की चित्र फाटल्यासारखं होतं, स्वतःचे हात परके वाटतात. पुस्तकात याला नाव आहे. सारजाबाईनं नीट ऐकलं.

"आन सुनंला दिसली ती?" एवढंच तिनं विचारलं.

पुढच्या खेपेला मी जोतीरामकाकांना पडवीत दारासमोर बसायला सांगितलं. बसून राहा, आतबाहेर कोण येतं-जातं ते बघा. सोपा उपाय होता. घरातल्यांची खात्री पटली की तिचीही पटेल, असा माझा हिशेब. आम्ही दोघी गावातल्या एसटी स्टँडपर्यंत गेलो. तिथे तिनं माझ्यासाठी भेळ घेतली. लाट आली, पण गुडघ्याएवढीच.

परत आलो तेव्हा काका तिथेच बसले होते. सारजाबाईला अंगणातून येताना बघून ते अर्धे उठले. डोकं वळवून घरात बघितलं. परत तिच्याकडे बघितलं.

"आत हाय की तू," ते म्हणाले. रागानं नाही. चूक दाखवून दिल्यासारखं.

मी आत गेले. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. मागच्या दाराबाहेर पानमळ्यात पानं संथ हलत होती. चुलीजवळ चहाचे दोन कप होते, आणि दोन्ही गरम होते.

"डुलकी लागली आसंल," काका म्हणाले. पण गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले, आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू का म्याडम? तुमी तिला घिऊन जाता ना, तेवढा येळ ती लय चांगली असती. हसती. मागच्या गोष्टी काढती. लगीन झालं तवा हुती तशी."

"काका, तेवढा वेळ त्या माझ्याबरोबर असतात."

साधं मराठी न समजणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, एका घरात एकाची समजूत सगळ्यांना लागते, असं होतं. मलाही ते पटलं. तरी थोडे दिवस थांबावं असं मी सारजाबाईला सुचवून बघितलं. ती तयार झाली नाही.

"आता थांबू नगा. मला बावड्याला जायचंय. आन घाबरून किती बसायचं, बाई? तुमीच म्हनला, वाघ खोटा."

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी मी क्लिनिकमध्ये आले तर सारजाबाई बाकावर बसलेली. एकटी. निळी नवी साडी, चेहरा घामानं चमकत होता.

"एसटीनं आले," ती म्हणाली. "खिडकीपाशी जागा घावली. भवानीनगरला धडधड सुरू झाली. मी म्हनलं, धडधड तू, मी बसलीया हितंच. बारामती येस्तवर दमली ती."

मला रडू आलं, हे कबूल करते. या धंद्यात असे दिवस थोडे येतात. तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ही बातमी जोतीरामकाकांना आपणच सांगावी म्हणून फोन लावला.

"काका, मावशी एकट्या बारामतीला आल्या!"

"कोन?"

"सारजामावशी. माझ्यासमोर बसल्यात."

"ती हितं हाय की," ते म्हणाले. "भाकऱ्या थापतीया. थांबा, देतो."

मला भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येत होता. तो थांबला. बांगड्या वाजल्या. मी समोर बघत होते. सारजाबाईचे ओठ मिटलेले होते.

"बाई," फोनमधला आवाज म्हणाला. "लय उपकार झालं तुमचं."

आवाज तिचाच होता. थोडा ताजा, एवढंच.

"आता तिला माघारी धाडू नगा."

फोन बंद झाला. सारजाबाईनं माझ्याकडे बघितलं.

"बोलली व्हय?" ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. नाडी शांत होती. माझी नव्हती.

दिवसभराच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द करून मी तिला गाडीत घातलं आणि निघाले. वाटेत ती बाहेर बघत राहिली. सणसरला म्हणाली, ऊस तुटला की रान कसं उघडं पडतं.

अंगणात ऊन होतं. दार उघडं. आत जेवणं चाललेली असावीत, ताटाचा आवाज येत होता. आणि कुणीतरी हसलं. बाईचं हसणं. त्याला लागून जोतीरामकाकांचं हसणं. मी त्यांना त्याआधी कधी हसताना ऐकलं नव्हतं.

पावलं ऐकून काका बाहेर आले. हात धुतलेला, टॉवेलला पुसत.

"या म्याडम, या. अचानक?" मग त्यांनी माझ्या बाजूला बघितलं. सारजाबाई माझ्याशेजारीच उभी होती, पदर दोन्ही हातांत धरून. काका तिच्याकडे मानानं बघत होते, परक्या बाईकडे बघतात तसं.

"आन ह्या कोन पावन्या?"

मी सारजाबाईकडे वळले.

सारजाबाईनं पदर डोक्यावरून पुढे घेतला.

"बाईंसंगट आले," ती म्हणाली. "तान लागलीया. पानी मिळंल का?"

"मिळंल की. अगं, तांब्या आन," काका आत वळून म्हणाले.

आतल्या अंधारातून एक हात बाहेर आला. माझ्या वडिलांचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान आहे. लहानपणापासून मी बायकांचे हात बघत आले. हात मला चेहऱ्याइतके ओळखू येतात. ती बोटं कितीतरी दिवस माझ्या मनगटाभोवती होती. मी नजर वर नेली नाही. नेता आली असती.

सारजाबाईनं तांब्या घेतला, वरून पाणी प्यायली, तांब्या परत दिला. दोघींची बोटं एकमेकींना लागली असणार.

"गार हाय पानी," ती म्हणाली.

ती वळली आणि चालू लागली. मी मागोमाग गेले. कच्च्या रस्त्याच्या वळणाला तिला गाठलं.

"मावशी, आत चला. आपण दोघी मिळून आत जाऊ. त्यांना सांगू."

"काय सांगायचं?"

मी मागे वळून उघड्या दाराकडे बघितलं.

"भ्या वाटंना, बाई," ती म्हणाली. "जरासुदिक न्हाय. किती म्हैन्यांत पैल्यांदा. तुमी माझं वाईट क्येलं न्हाय, मनाला लावून घिऊ नगा. पर त्या भ्यानंच माझी जागा धरून ठिवली हुती."

मी तिला बारामतीला चला म्हणाले. ती नाही म्हणाली. बावड्याला आईकडे जाते म्हणाली. गाडीनं सोडते म्हटलं, तर म्हणाली, "आता येतंय की मला एकटीला." बोलत पक्क्या रस्त्याला आलो, तोवर एसटी आली. ती चढली. खिडकीपाशी जागा मिळाली तिला.

परतताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली. बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला, छातीत हातोडा बसावा तसं होऊ लागलं. मी जे शिकवते ते सगळं केलं. दिसतंय ते मोठ्यानं म्हटलं. बाभूळ. पाटाचं पाणी. बैलगाडी. लाट चढली आणि उतरली. शास्त्र बरोबर निघालं.

पोलिसांत जावं असं मनात आलं. पण हरवलं कोण होतं? ती घरी होती. नवरा सांगत होता, शेजारीही तेच सांगतील.

पुढच्या आठवड्यात मी बावड्याला गेले. सारजाबाईचा भाऊ शेतात होता, भावजय भेटली. नणंद आपल्या घरी आहे, आता अगदी बरी आहे, कालच फोन झाला, असं तिनं आनंदानं सांगितलं.

"इकडे आल्या नाहीत?"

"न्हाय. एक बाई आली हुती मात्र. वळकीची न्हवती. पानी मागितलं, म्हातारीच्या हातरुनाजवळ बसली जरा. म्हातारी तिचा हात सोडंचना. पोरगी आली, पोरगी आली म्हनत बसली." भावजयीनं मान हलवली. "तिला आता कायबी कळत न्हाय."

"मग त्या बाई कुठे गेल्या?"

"गेली की. रस्त्याला लागली."

त्यानंतर निमगावला मी गेले नाही. पेशंट बरी झाली म्हणून डॉक्टरांनी केस बंद केली.

जूनच्या सुरुवातीला श्रेया क्लिनिकमध्ये आली. बाळ कडेवर होतं. ती एसटीनं आली होती. बाळाला घेऊन इतक्या लांब एकटी पहिल्यांदाच, ती म्हणाली. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, घरी जायची वेळ झाली की वाटेतच थांबावंसं वाटतं.

"आत्या कशा आहेत?" मी विचारलं.

"चांगल्या आहेत. खूप चांगल्या. सगळे खूश आहेत. माझं सगळं करतात, बाळाचं करतात." तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "बाहेर मात्र कधीच पडत नाहीत. ते कुणाच्या लक्षातच येत नाही."

पुढचं तिनंच सांगितलं.

"परवा मी बाळाला डोस द्यायला दवाखान्यात नेलं होतं. परत आले. दारात चप्पल काढत होते. आत आत्या बाळाला खेळवत होत्या. बाळ खिदळत होतं."

"बरं मग?"

"मॅडम, बाळ माझ्या खांद्यावर झोपलेलं होतं."

पंखा फिरत होता. बाळ टेबलावरच्या पेनाकडे हात नेत होतं. मी ते पेन त्याच्या हाती दिलं.

माझ्या कामात जे कधी सांगायचं नसतं ते मी तिला सांगितलं. घरी जा. बाळाला घेऊन आत बस. बाहेर पडू नकोस.

तिनं मान हलवली. बाळाला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. पिशवीतून फोन काढून तिनं त्याच्याकडे बघितलं.

"सकाळी कुणाला न सांगताच निघाले, मॅडम," ती म्हणाली. "आता दुपार झाली. घरून अजून एकाचाही फोन नाही."